नारिंगी लिक्युअर व वसंतातील मिष्टान्ने : देवळाली कॅम्प

संत्रे, मोसंबे, लिंबू, कडू नारिंग इ. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील सुगंधी तेल मद्यार्कात उतरवून व त्यात साखरेचा पाक मिसळून केलेल्या मधुर मद्यास नारिंगी लिक्युअर म्हणता येईल. जेवणानंतर लहान पेल्यातून ते घेतात. परंतु पाकशास्त्रात त्याचा अधिक महत्त्वाचा उपयोग जेली, साय, फेटलेल्या अंड्याचे हलके पदार्थ आणि फळांच्या फोडी सुवासिक करण्यासाठी होतो. महाराष्ट्रात या प्रकारच्या मिष्टान्नांचा इतिहास घराघरांतील स्वयंपाकाचा नसून बव्हंशी छावण्यांचा, क्लबांचा आणि दारूबंदीच्या कायद्याचा इतिहास आहे. तो पाहण्यास नाशिकजवळील देवळाली कॅम्प हे ठिकाण विशेष सोयीचे आहे. तेथे लष्करी अधिकाऱ्यांची मेस, मुंबईकर पारशी कुटुंबांची आरोग्यभुवने आणि बाजारपेठेतील मराठी-गुजराती घरे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर वसली. फळ तिघांकडेही एकच येत असे. त्याच्या मिष्टान्नात मद्य पडावे की नाही, याचे उत्तर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे होते.

देवळाली गाव आणि देवळाली कॅम्प ही दोन भिन्न ठिकाणे आहेत. कॅम्प म्हणजे ब्रिटिश अमदानीत १८६१ साली स्थापन झालेला लष्करी तळ व त्याभोवती वाढलेली वस्ती. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावरील कोरडी हवा, रात्रीचा गारवा आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे सान्निध्य यांमुळे ही जागा निवडण्यात आली. थळ घाट १८६५ मध्ये लोहमार्गाने ओलांडला गेल्यावर मुंबई बंदरात उतरलेले सैनिक थेट गाडीने देवळालीस येऊ लागले. नव्याने आलेल्या तुकड्या येथे काही दिवस राहून पुढे जात आणि मुदत संपलेले सैनिक स्वदेशी जाण्यासाठी येथेच जहाजाची वाट पाहत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे प्रामुख्याने हिवाळ्याच्या हंगामात सुटत. मार्चच्या सुमारास शेवटचे जहाज चुकले, तर त्या माणसाला पुढचा सगळा उन्हाळा व पावसाळा तळावर काढावा लागे. काम नाही, कवायत बेताची, ऊन वाढत चाललेले. अशा रिकामपणातून येणाऱ्या भ्रमिष्टपणाला इंग्रज शिपायांच्या बोलीत ‘डुलाली टॅप’ हे नाव पडले. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च. पुढे इंग्रजीत ‘डुलाली’ हा शब्द ‘वेडा’ या अर्थाने रूढ झाला. एका मराठी गावाच्या नावाचा हा प्रवास फारसा गौरवाचा नाही. पण वसंत ऋतूचा तळावरील अर्थ काय होता, हे त्यातून कळते.

या वसंतात मिष्टान्न वाट्याला येई ते अधिकाऱ्यांच्या. साध्या शिपायाची रसद म्हणजे पाव, मांस, चहा व साखर. पैसे देऊन कँटीनमध्ये बिअर किंवा रम. त्याच्या पिण्याला आळा घालण्यासाठी १८६० नंतरच्या दशकात हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यात मद्यपानविरोधी संघटना उभ्या राहिल्या आणि १८८८ मध्ये सेनापती रॉबर्ट्‌स याच्या पुढाकाराने त्यांतून ‘आर्मी टेंपरन्स असोसिएशन’ ही संस्था आकारास आली. मद्यपानाचा प्रश्न तेव्हापासूनच शिपायाच्या पेल्याशी जोडला गेला. अधिकाऱ्याच्या पुडिंगमधील मद्याकडे कोणी मद्य म्हणून पाहिले नाही. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे स्वतंत्र भारतात दारूबंदीचा कायदा झाला तेव्हा तो निराळ्या रूपाने पुन्हा प्रकट झाला.

मेसचे रात्रीचे जेवण ठराविक क्रमाने चाले आणि अखेरीस गोड पदार्थ येई. शेरी किंवा ब्रँडीत भिजवलेल्या केकवर कस्टर्ड घालून केलेले ‘टिप्सी पुडिंग’ हे छावण्यांतील व क्लबांतील नेहमीचे पक्वान्न होते, त्याचप्रमाणे कॅरॅमल कस्टर्डही. हे दोन्ही पदार्थ जड होत. उन्हाळा लागला, की मद्याने सुवासिक केलेल्या पारदर्शक जेली, लिंबाचा रस घालून घुसळलेली साय आणि फळांचे बर्फाळ पदार्थ पसंत केले जात. ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने लिहिणारा मद्रास लष्करातील अधिकारी ए. आर. केनी-हर्बर्ट याने १८७८ मध्ये कलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास हे पुस्तक प्रसिद्ध केले. गोड पदार्थांवर त्याने स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. डब्यातील विलायती पदार्थांच्या मागे न लागता बाजारात मिळणाऱ्या ताज्या जिन्नसांवर भर द्यावा, हे त्याचे मुख्य सांगणे होते. मद्य मात्र विलायतेतूनच येई. कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ बेटावर स्पॅनिश लोकांनी लावलेली नारिंगाची झाडे तेथील कोरड्या हवेत कडवट फळे देऊ लागली. खाण्यास निरुपयोगी अशा त्या फळांची वाळलेली साल अत्यंत सुगंधी निघाली आणि तिच्यापासून डच आसवकांनी त्याच नावाचे लिक्युअर केले. फ्रान्समधील आंझे येथील क्वांत्रो (१८७५) व त्यानंतरचे ग्रां मार्निए (१८८०) ही याच परंपरेतील अधिक परिष्कृत पेये होत. मुंबई बंदरात उतरणारा असा माल रेल्वेने छावण्यांत पोहोचत असे.

फळ मात्र दुसऱ्या टोकाकडून आले. नागपूरचा संत्रा दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात, सु. १८०० च्या आसपास, औरंगाबादकडून नागपुरात आणून लावला गेला असे परंपरेने सांगतात. भुसावळ-नागपूर हा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला आणि तोच मार्ग पुढे नाशिक व देवळालीवरून मुंबईस जातो. विदर्भातील संत्र्याच्या झाडास दोन मुख्य बहार येतात. आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी निघतात. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमकी फाल्गुन-चैत्रात बाजारात येतात. मृगाची फळे अधिक गोड व टिकाऊ असल्याचा बागायतदारांचा अनुभव आहे. मराठवाड्यातील मोसंबे हे नावाने आफ्रिकेतील मोझँबिकचे. आंबटपणा अगदी कमी असल्याने दुधाच्या पदार्थांत ते संत्र्यापेक्षा सोयीचे पडते. कागदी लिंबू उन्हाळ्यात महाग होते, तरी त्याच्या सालीचा वास इतर कोणत्याही फळास येत नाही.

नारिंगी लिक्युअर व त्याची मिष्टान्ने करण्याचे तंत्र समजून घेतल्याशिवाय पुढील कायद्याचा घोळ उलगडत नाही. फळाचा सुगंध रसात थोडा आणि सालीत फार असतो. सालीच्या बाहेरील रंगीत थरात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. संत्र्याच्या तेलात लिमोनीन या द्रव्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते. हे तेल पाण्यात विरघळत नाही, तीव्र मद्यार्कात सहज विरघळते. म्हणून धारदार सुरीने रंगीत थर तेवढा तासून घेतात व खालचा पांढरा थर कटाक्षाने टाळतात, कारण कडवटपणा त्यातून उतरतो. साल मद्यार्कात आठ-दहा दिवस झाकून ठेवली, की ती फिकट व ठिसूळ होते आणि द्रव पिवळा-केशरी बनतो. तो गाळून थंड साखरपाकात मिसळतात. पाणी फार झाल्यास तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडून द्रव दुधट दिसतो. इटलीतील लिंबाच्या ‘लिमोन्चेल्लो’ या लिक्युअरचा ढगाळ रंग याच कारणाने येतो. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात सालीसह मद्यार्काचे पुन्हा ऊर्ध्वपातन करतात, त्यामुळे क्वांत्रोसारखे पेय पाण्यासारखे नितळ राहते.

मिष्टान्नात लिक्युअर केव्हा घालावे याला महत्त्व आहे. मद्यार्क ७८·३° से. तापमानास उकळतो व त्याबरोबर सुगंधही उडून जातो. म्हणून कस्टर्ड वा पाक चुलीवरून उतरवून कोमट झाल्यावरच ते घालतात. बर्फाळ पदार्थात ते जास्त झाले, तर पदार्थ गोठतच नाही. उन्हाळी जेवणासाठी सर्वांत सुटसुटीत पदार्थ म्हणजे संत्र्याच्या पाकळ्यांवरील पापुद्रा व बिया काढून त्या थोड्या साखरेत व चमचाभर लिक्युअरमध्ये तासभर मुरवणे. त्यावर घट्ट फेटलेली साय घालतात. अंड्याचा पांढरा बलक फेसाळ होईपर्यंत फेटून, त्यात सालीचा कीस व लिक्युअर मिसळून भट्टीत फुगवलेले सूफ्ले हा मेसच्या खानसाम्याच्या कौशल्याची परीक्षा पाहणारा पदार्थ होता. तो भट्टीतून काढल्यावर काही मिनिटांत बसतो आणि अधिकारी जेवायला उशिरा आले, तर दोष खानसाम्याच्या माथी येई. जेलीसाठी प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन वापरीत. शाकाहारी घरांत तिला जागा नव्हती. तेथे समुद्रशैवलापासून मिळणारे ‘चायना ग्रास’ आले. ते उकळूनच विरघळते व साध्या हवेतही घट्ट राहते, जिलेटिनप्रमाणे देवळालीच्या मार्चमधील दुपारी पाणी होत नाही. मात्र उकळताना त्यात लिंबाचा रस घातल्यास त्याची घट्ट होण्याची शक्ती कमी होते. रस नंतर घालावा लागतो.

सालीच्या सुगंधाची आवड येथे काही साहेबांनी आणली नाही. कामसूत्रातील नागरकाच्या शयनगृहात विड्याबरोबर मातुलुंगाची, म्हणजे महाळुंगाची साल ठेवलेली असते. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या एका हातात हेच फळ आहे. संस्कृत ‘नारंग’ हा शब्द फार्सी व अरबीतून स्पेनमध्ये ‘नारांहा’ आणि पुढे इंग्रजीत ‘ऑरेंज’ झाला. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात पानके व ‘शिखरिणी’ यांचे वर्णन आहे. शिखरिणी ही श्रीखंडाची पूर्वज मानली जाते. मद्यही या समाजास अपरिचित नव्हते. आसव, अरिष्ट, सीधू असे त्याचे अनेक प्रकार ग्रंथांत येतात. तथापि या दोन धारा एका पात्रात आल्या नाहीत. पक्वान्न नैवेद्यास चालावे लागते आणि मद्य घातलेले अन्न देवापुढे ठेवता येत नाही. निदान ज्या घरांतून श्रीखंडासारखी पक्वान्ने वाढली, त्या घरांत तरी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे व आंब्याची डाळ, पाडव्याला श्रीखंड, या पदार्थांतील आंबटगोडपणा व थंडावा मेसमधल्या लिंबाच्या सायीहून फार दूरचा नाही. वसंतात मादक द्रव्य गोडात घालण्याची एकच देशी रूढी सर्वमान्य राहिली, ती होळीच्या थंडाईतील भांगेची.

तिसरे घर पारशांचे. मुंबईच्या दमट हवेतून सुटका व्हावी म्हणून पारशी, खोजा, बोहरा, गुजराती इ. समाजांच्या धर्मादाय निधींतून देवळालीस, मुख्यत्वे लॅम रोडच्या परिसरात, आरोग्यभुवने व बंगले बांधले गेले. मार्चच्या २१ तारखेचा जमशेदी नवरोज हा पारशांचा वसंतोत्सव. त्या दिवशी रवो, शेव, गोड दही व फालुदा हे पदार्थ होतात. लग्नप्रसंगीचे भाजलेले ‘लगननु कस्टर्ड’ हे तर या समाजाचे ओळखचिन्हच आहे. त्यात जायफळ-वेलदोड्याचा स्वाद देतात. ब्रँडीचे वावडे मात्र पारशी स्वयंपाकघरास नव्हते. मद्यपानास या समाजात धार्मिक निषेध नाही आणि ताडी व मद्याच्या व्यापारातही अनेक पारशी कुटुंबे होती. यामुळे मेसबाहेर लिक्युअरयुक्त मिष्टान्न संकोचाशिवाय शिरू शकेल, असे देवळालीतील घर हेच होते.

त्या घरावर कायद्याने घाला घातला. खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते आणि त्यांना सर्वाधिक विरोध त्यांच्याच समाजातून झाला. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिल्यावर ती ढिली पडली. स्वातंत्र्याच्या सुमारास पुन्हा टप्प्याटप्प्याने सुरुवात होऊन ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ संमत झाला आणि एप्रिल १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. मद्य बाळगणे, विकणे व पिणे हे तर गुन्हे ठरलेच. मद्य तयार करणे व त्याचे मिश्रण करणे हेही निर्मितीच्या व्याख्येत आले. संत्र्याची साल ब्रँडीत भिजवून ठेवणारी गृहिणी या व्याख्येतून सुटत नव्हती.

फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईकर नागरिकाने या अधिनियमास आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांबरोबरच औषधी वाइन व ओ-द-कोलोनसारख्या वस्तू बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी दिलेल्या निकालात अधिनियम मुख्यतः वैध ठरवला; मद्यार्कयुक्त औषधी व सौंदर्यप्रसाधने यांना लागू होणाऱ्या तरतुदी मात्र अवैध ठरवल्या. देवळालीच्या दृष्टीने या निकालातील दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा होता. अधिनियमाच्या ३९ व्या कलमान्वये युद्धनौका, सैनिकी जहाजे आणि लष्करी व नाविक मेस व कँटीन यांत विदेशी मद्य वापरण्यास सरकार परवानगी देऊ शकत होते. ही सवलत समतेच्या तत्त्वास बाधक आहे, हा आक्षेप न्यायालयाने फेटाळला. सेनादलांच्या परंपरा व जीवनपद्धती नागरी समाजाहून वेगळ्या असल्याने त्यांचा वेगळा वर्ग करणे वाजवी आहे, असा त्यामागील विचार होता.

तोफखाना विद्यालय १९४१ मध्ये काकूल येथून देवळालीस आले होते आणि स्वातंत्र्यानंतर हे ठिकाण भारतीय तोफखान्याचे प्रमुख प्रशिक्षण-केंद्र बनले. ब्रिटिश अधिकारी गेले. मेस, तिच्या प्रथा व जेवणाअंती येणारे पुडिंग राहिले. त्यामुळे १९५० नंतर मेसच्या टेबलावर जे केवळ मिष्टान्न होते, तेच लॅम रोडवरील बंगल्यात शिजवल्यास अपराध होऊ लागला. तर्कदृष्ट्या निकाल समजण्यासारखा आहे. पण दारूबंदीचा सर्वांत मोठा नैतिक आधार ‘सर्वांना सारखा नियम’ हा असताना, सवलतीचा पहिला लाभ मिळाला तो मद्याची चैन ज्यांना आधीपासून परवडत होती त्यांना, हेही नाकारता येत नाही.

या निकालानंतर अधिनियमात २४ अ हे कलम आले. पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असतील, अशी मद्यार्कयुक्त प्रसाधने, औषधे व जंतुनाशके यांबरोबरच स्वादार्क, इसेन्स व सिरप यांनाही त्याने बंदीतून वगळले. घरगुती मिष्टान्नांवर या छोट्या तरतुदीचा परिणाम कोणत्याही पाकपुस्तकापेक्षा जास्त झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. संत्र्याचे लिक्युअर बेकायदा, पण संत्र्याचा इसेन्स कायदेशीर; वास्तविक दोहोंत तेच तेल व तोच मद्यार्क, फरक तीव्रतेचा आणि पिता येण्या-न येण्याचा. परिणामी कस्टर्ड, केक, आइसक्रीम व बर्फी यांना स्वाद देण्यासाठी थेंबाथेंबाने वापरण्याच्या लहान बाटल्या स्वयंपाकघरात रुळल्या. घरात एखाद्याच्या आजारपणासाठी ब्रँडी, रम किंवा शँपेन ठेवता येईल, असा तातडीचा परवानाही कायद्यात होता. कपाटातील ब्रँडी छातीच्या दुखण्यावर चालत होती, पुडिंगवर चालत नव्हती.

दारूबंदी १९६० नंतरच्या दशकात सैल होत गेली. महाराष्ट्र देशी दारू नियम १९७३ मध्ये अमलात आले आणि परवानाधारक दुकानांतून देशी दारू खुलेपणे विकली जाऊ लागली. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात पाणी घालून त्याचे प्रमाण ४२·८ टक्क्यांवर आणतात आणि स्वाद मिसळतात. या दारूचे सर्वांत प्रचलित स्वाद कोणते, तर संत्रा, मोसंबी व नारिंगी. बंदीच्या काळात काळा गूळ व नवसागर वापरून गाळलेल्या चोरट्या दारूलाही हीच नावे होती. अशा रीतीने लिक्युअरच्या निर्मितीतील दोन मूलद्रव्ये, मद्यार्क आणि नारिंगी सुगंध, महाराष्ट्रात पुन्हा एकत्र आली ती मिष्टान्नाच्या बशीत नव्हे, तर मजुराच्या गुत्त्यावर. यात साखर नव्हती आणि बहुधा फळही नव्हते. ‘संत्रा’ या शब्दाला मराठीत आलेला हा दुसरा अर्थ नागपूरच्या बागायतदारास अर्थातच रुचणारा नाही. नागपुरी संत्र्यास भौगोलिक निर्देशांक मिळाला तो त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, २०१४ मध्ये.

नाशिक परिसरात मद्याला प्रतिष्ठा मिळाली ती द्राक्षामुळे. राज्याचे द्राक्षप्रक्रिया उद्योगविषयक धोरण २००१ मध्ये जाहीर झाले आणि त्यानंतर नाशिक हे देशातील वाइननिर्मितीचे प्रमुख केंद्र झाले. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन येथे तयार होते व ती मिष्टान्नाबरोबर देतात; मिष्टान्नात घालण्यापेक्षा शेजारी ठेवण्याकडे कल अधिक आहे. नारिंगी लिक्युअर मात्र दीर्घकाळ आयात मालच राहिले. २०१० नंतरच्या दशकात गोव्यातील एका उत्पादकाने घायपाताच्या जातीच्या वनस्पतीपासून काढलेल्या मद्यार्कात नागपुरी संत्र्याचा स्वाद उतरवून लिक्युअर बाजारात आणले. दारूबंदी अधिनियम नाव बदलून आजही लागू आहे व मद्य बाळगण्या-पिण्यास परवाना लागतो. त्यामुळे देवळाली कॅम्पच्या बाजारात मृग बहाराची संत्री आली, की मेसबाहेरच्या घरांत त्यांच्या पाकळ्या अजून बहुधा साखरेतच मुरवल्या जातात आणि वरून सालीचा कीस घालतात.